भुंकणाऱ्या पशूची मृगया

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या चिरंजीवांकडे इंग्लंडांत तीन महिने राहण्याचा योग आला. साउदॅम्प्टन ह्या दक्षिण किनाऱ्यावरील बंदरीं त्यांचें बिऱ्हाड आहे. परदेशप्रवासाचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. तेव्हां विमान, थंडी आणि तेथील दुकानें ह्यांविषयीं लिहून आम्ही त्यांचा वेळ घेत नाहीं. आम्हांस लिहावयाचें आहे तें एका खेळाविषयीं. साठी उलटून गेलेल्या, आयुष्यभर मुलांच्या हातून खेळाचीं पुस्तकें काढून घेतलेल्या शिक्षकानें खेळाविषयीं लिहावें, ह्याचें कोणास हंसूं आल्यास आमची तक्रार नाहीं.

आमचा नातू पंधरा वर्षांचा आहे. दर शनिवारीं दुपारीं त्याचे चार सोबती घरीं येत, जेवणाच्या टेबलाभोंवतीं बसत आणि पिशवींतून कागद, पेन्सिली व फांसे बाहेर काढीत. फांसे पाहतांच आमच्या कपाळास आंठी पडली. ऋग्वेदांतील अक्षसूक्त आणि महाभारतांतील सभापर्व हीं ज्यानें मुलांस शिकविलीं, त्याच्याच नातवाच्या हातीं फांसा! त्यांतून हा फांसा साधा सहा अंगांचा नव्हे, चांगला वीस अंगांचा. सूनबाईंस विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “बाबा, त्यांत पैसा नाहीं. गोष्ट आहे. बसून तर पाहा.” आम्ही बसलों, आणि पुढचे दहा शनिवार उठलों नाहीं.

ह्या जातीच्या खेळांचा उगम अमेरिकेंतला. लुटुपुटीच्या सैन्यांच्या लढाया खेळणाऱ्या गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन ह्या दोघांनीं १९७४ सालीं त्यांतला पहिला छापील खेळ काढला. ह्यांत पट नाहीं म्हटलें तरी चालेल. एक सूत्रधार असतो. तो देश, काळ व प्रसंग सांगतो. बाकीचे प्रत्येकीं एकेक पात्र घेतात आणि “मी आतां अमुक करितों” असें बोलून दाखवितात. जेथें यशापयश संशयित असेल तेथें फांसा पडतो. नाट्य आणि द्यूत ह्यांचा हा संकर आहे. परंतु नाटकाप्रमाणें शेवट आधीं ठरलेला नसतो आणि द्यूताप्रमाणें कोणी कोणास लुटीत नाहीं. आमच्या टेबलावरील सूत्रधार म्हणजे नातवाच्या एका मित्राच्या मातुश्री. व्यवसायानें इतिहासाच्या शिक्षिका. पुढें आम्ही त्यांस ‘बाई’ असेंच म्हणूं.

हीं मुलें खेळत होतीं त्या खेळाचें नांव ‘पेंड्रॅगन’. केऑसियम नांवाची प्रकाशनसंस्था १९७५ सालीं स्थापन करणारे ग्रेग स्टॅफर्ड ह्यांनीं तो रचला व तो १९८५ मध्यें प्रसिद्ध झाला. स्टॅफर्ड २०१८ सालीं वारले. आर्थर राजा, त्याचें वर्तुळाकार मेज आणि त्याभोंवतीं बसणारे नाइट, म्हणजे शपथबद्ध घोडेस्वार वीर, ह्यांच्या कथांवर तो उभारलेला आहे. पात्रें बहुधा सॉल्झबरी प्रांतांतलीं घेतात. तें शहर साउदॅम्प्टनपासून आगगाडीनें अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर, त्यामुळें मुलांस कथेंतील टेकड्या डोळ्यांनीं पाहिलेल्या. २००६ सालीं निघालेल्या त्याच्या मोठ्या ग्रंथांत इसवी सन ४८५ पासून पुढचा कथाक्रम वर्षावर्षानें दिला आहे. एका माणसाचें आयुष्य त्यास पुरत नाहीं. म्हणून बापामागून मुलगा, मुलामागून नातू असें खेळावें लागतें.

आम्हांस ह्या खेळांत गोडी वाटली ती दोन गोष्टींमुळें. पहिली अशी. प्रत्येक नाइटाच्या कागदावर बळ व चापल्य ह्यांच्या आंकड्यांबरोबर स्वभावाच्या तेरा जोड्या मांडलेल्या असतात: दया व क्रौर्य, सत्य व कपट, विनय व गर्व, क्षमा व सूड, धैर्य व भय, इत्यादि. प्रत्येक जोडीची बेरीज वीसच असावयाची. दया तेरा असेल तर क्रौर्य सात. दया वाढली कीं क्रौर्य तितकेंच घटतें. गीतेच्या सोळाव्या अध्यायांत दैवी व आसुरी संपत्तीच्या दोन याद्या आहेत, त्या वर्गांत शिकवितांना मुलें नेहमीं विचारीत, “गुरुजी, एकाच माणसाजवळ दोन्ही असूं शकतात का?” आमचें उत्तर बरेंच लांबत असे. ह्या अमेरिकन गृहस्थानें तें वीस अंगांच्या फांशांत बसविलें आहे! प्रसंग येतांच फांसा टाकावयाचा. पडलेला आंकडा गुणाच्या आंकड्याइतका वा त्याहून कमी असेल तर तो गुण जागा झाला. नाहीं तर विरुद्ध गुणाची परीक्षा. आणि दोन्ही हुकले, तर मग तुम्हीच ठरवा. ह्या शेवटच्या नियमाचें मर्म आम्हांस पुढें कळलें.

दुसरी गोष्ट हिंवाळ्याची. वर्षांतून बहुधा एकच साहस. त्यानंतर हिंवाळा येतो व घरचा हिशेब होतो. पीक कसें आलें, घोडा जगला कीं मेला, पत्नीस अपत्य झालें का, झालेलें वांचलें का, सगळ्यांसाठीं फांसा. पस्तिशी उलटलेल्या नाइटास आणखी एक फांसा टाकावा लागतो. त्यांत कधीं बळ जातें, कधीं चपळाई, कधीं रूप. अजगरानें गिळलेल्यापेक्षां हिंवाळ्यांनीं झिजविलेले नाइट आम्हीं अधिक पाहिले. मुलांस हा भाग कंटाळवाणा वाटे. आम्हांस नाहीं वाटला.

आमच्या वयास शोभेल असा चव्वेचाळीस वर्षांचा नाइट बाईंनीं आम्हांस दिला. नातवानें आपला जुना नाइट बाजूस ठेवून आमच्या नाइटाच्या एकवीस वर्षांच्या पुत्राचें पात्र हट्टानें घेतलें. त्याचा एक सोबती, ज्याचे आजोबा लाहोरहून येऊन तेथें स्थायिक झाले आणि आमच्या सूनबाईंच्या बटाटेवड्यांवर ज्याचा विशेष लोभ, त्याचा नाइट पूर्वेकडून आलेला सॅरेसन, म्हणजे त्या कथांच्या भाषेंत मुसलमान, होता. असे नाइट मूळ कथांतही आहेत.

मूळ कथा म्हणजे मुख्यतः सर टॉमस मॅलरीचा ग्रंथ. तो त्यानें बंदिवासांत लिहिला, १४७० च्या सुमारास पुरा केला आणि विल्यम कॅक्स्टननें १४८५ सालीं छापला. पुढें साडेचारशे वर्षें छापील पोथीवांचून दुसरा आधार नव्हता. १९३४ सालीं विंचेस्टर येथील प्राचीन शाळेच्या ग्रंथसंग्रहांत वॉल्टर ओकशॉट ह्या तेथल्याच शिक्षकास एक हस्तलिखित सांपडलें. तें मॅलरीचें निघालें, आणि छापील प्रतींत किती फेरफार झाले होते हें जगास कळलें. तें आतां लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे. शाळामास्तरानें पोथी शोधून काढावी, ह्याचें आम्हांस अगत्य वाटणें साहजिक आहे. चिरंजीवांनीं एके रविवारीं विंचेस्टरला नेलें. तेथल्या मोठ्या दिवाणखान्याच्या भिंतीवर अठरा फूट व्यासाचें ओकच्या लांकडाचें गोल मेज टांगलेलें आहे. लांकूड तेराव्या शतकाच्या अखेरचें, रंग आठव्या हेन्रीच्या काळचा. आर्थरशीं त्याचा संबंध नाहीं हें तेथले लोकच सांगतात. कडेनें चोवीस नाइटांचीं नांवें लिहिलीं आहेत. त्यांतल्या एका नांवाकडे पुढें परत यावें लागेल.

आतां पशु. मॅलरीच्या पहिल्याच भागांत तरुण आर्थर एका हरणामागें धांवतां धांवतां एकटा पडतो, घोडा दमून मरतो आणि राजा एका झऱ्याकांठीं विचारमग्न बसतो. इतक्यांत साठ शिकारी कुत्रे एकदम भुंकावे तसा आवाज येतो. समोर येतो तो एकच पशु: डोकें सर्पाचें, धड बिबट्याचें, मागील भाग सिंहाचा, पाय हरणाचे. भुंकणें त्याच्या पोटांतून निघत असतें. तो झऱ्यास तोंड लावतो तेव्हां मात्र तें थांबतें. पाणी पिऊन झालें कीं पुन्हां सुरू. ह्या पशूस इंग्रजींत ‘क्वेस्टिंग बीस्ट’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ शोध घेणारा असा नव्हे. माग लागलेल्या कुत्र्यांच्या भुंकण्यास शिकाऱ्यांच्या जुन्या भाषेंत तें क्रियापद होतें. पशूमागून पेलिनोर नांवाचा राजा पायीं धांपा टाकीत येतो आणि सांगतो कीं, बारा महिने मी ह्याच्या पाठीवर आहें, आणि मी किंवा माझ्या रक्ताचा जवळचा आप्त ह्यांवांचून हा कोणास साधावयाचा नाहीं.

हा प्रसंग बाईंनीं सांगितला, तेव्हां आम्हांस कादंबरींतील चंद्रापीड आठवला. किन्नरमिथुनाच्या मागें घोडा पिटाळीत तोही सैन्य सोडून एकटा पडतो आणि अच्छोद सरोवराच्या कांठीं येऊन थांबतो. पाठलाग ज्याचा केला तें हातीं लागत नाहीं. पाणी लागतें, आणि खरी कथा तेथून पुढें.

बाणभट्टाचें नांव आलें तेव्हां थोडें घरचें सांगणें भाग आहे. आमचे तीर्थरूप जुन्या पठडीचे शास्त्री. १९५८ सालीं त्यांनीं कादंबरीची समग्र पदसूची करण्यास घेतली. कागद महाग म्हणून घरीं आलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून त्या चिठ्ठ्यांवर ते एकेक पद, त्याचें स्थळ व टीकाकारांचा अर्थ लिहीत. १९८६ सालीं ते गेले तेव्हां काम ‘प’ पर्यंत आलें होतें. जातांना बोलले तें एवढेंच, कीं बाणाची कादंबरी अपुरी राहिली ती त्याच्या पुत्रानें पुरी केली. आम्ही मॅट्रिकपुढें पाठशाळेंत व त्यांच्यापाशीं शिकलेले. शाळा, शिकवण्या व संसार सांभाळून इतक्या वर्षांत ‘भ’ पर्यंत पोहोंचलों. चिरंजीव यंत्रगणकाच्या विद्येंत गेले. त्या चिठ्ठ्यांचा विषय आम्ही एकदां काढला, त्यांनीं एकदां टाळला, आणि मग अकरा वर्षें दोघांनींही तो काढला नाहीं.

बाईंनीं आमच्या नाइटास पेलिनोरच्या कुळांतला दूरचा आप्त केला होता. पेलिनोर मारला गेल्याची वार्ता आली आणि त्याच वर्षीं आमच्या रानांत साठ कुत्र्यांचें भुंकणें ऐकूं आलें. माग काढण्याच्या विद्येचा आमचा आंकडा सोळा; तरी पहिल्या तीन शनिवारीं पशूनें दाद दिली नाहीं. फांसा अनुकूल पडावा तर पशूचा त्याहून सरस पडे. घोडा दलदलींत गेला. एकदां एका रानडुकरानेंच मांडी फाडली व तो घाव पुरता भरला नाहीं. चवथ्या शनिवारीं झाडींत एकाएकीं सर्व शांत झालें. मुलें गोंधळलीं; आम्हांस कळलें, कीं तो पाणी पीत आहे.

आम्ही भाला घेऊन झऱ्यापाशीं आलों. सर्पाचें डोकें पाण्यांत, पाठ आमच्याकडे, अंतर दहा पावलें. बाई म्हणाल्या, दयेची परीक्षा द्या. आमची दया बारा. फांसा पडला सतरा. दया जागी झाली नाहीं. मग क्रौर्य, तें आठ. फांसा पडला अकरा. तेंही नाहीं. बाईंनीं हात टेबलावर ठेवून म्हटलें, “आतां तुम्ही सांगा.”

वाचकांस हें हास्यास्पद वाटेल, परंतु त्या क्षणीं आमचे तळवे ओले झाले. काल्पनिक भाला, काल्पनिक पशु. निर्णय मात्र आमचा. आम्हांस दशरथ आठवला. त्यानें अंधारांत पाण्याचा आवाज ऐकून शब्दवेधी बाण सोडला व श्रावणास मारलें. येथें उलट होतें: शब्द थांबला म्हणून शिकार हातीं आलेली. पाणी पिणाऱ्यावर घाव घालावयाचा नाहीं, असें आम्हीं सांगितलें. पशूनें मान वर केली, भुंकणें पुन्हां सुरू झालें आणि तो निघून गेला.

“आजोबा, का नाहीं मारलंत?” नातू जवळजवळ ओरडला. “चार शनिवार घालवले!” बाईंनीं मात्र एक गोष्ट सांगितली ती आम्हांस ठाऊक नव्हती. टी. एच. व्हाइट ह्या लेखकाचा जन्म १९०६ सालीं आपल्याच मुंबईचा. तोही कांहीं वर्षें शिक्षक होता. त्याच्या १९३८ सालच्या कादंबरींत पेलिनोर शिकार सोडून एका मित्राकडे आरामांत राहतो, तर पाठलाग करणारें कोणी उरलें नाहीं म्हणून तो पशु झुरून आजारी पडतो. मग पेलिनोरच त्याची शुश्रूषा करितो. मुलें हंसलीं. आम्ही हंसलों नाहीं. त्या चिठ्ठ्या माळ्यावर कुसर लागून तर जात नसतील ना, असें मनांत आलें.

पुढचे हिंवाळे भराभर गेले. रूप गेलें, त्याचें दुःख नाहीं, चपळाई गेली. मांडीची जखम आणि वय ह्यांनीं नवव्या हिंवाळ्यांत प्रकृतीचा आंकडा इतका खालावला, कीं नियमाप्रमाणें नाइटानें अंथरूण धरलें. रानांत भुंकणें ऐकूं येतच होतें. बाईंनीं नातवास विचारलें, वडिलांची मृगया तूं पुढें चालविणार का?

त्यानें क्षणभर आमच्याकडे पाहिलें. मग मराठींत म्हणाला, “नको, आजोबा. मला कॉर्नवॉलला जायचंय. तिथें किल्ला मिळणार आहे.” त्यांत उद्धटपणा नव्हता. त्याचा नाइट तरुण होता, राजाची त्याच्यावर मर्जी होती, किल्ला खरोखरच चांगला होता. तरीही आमच्या घशाशीं आवंढा आला. स्वयंपाकघराच्या दारांत चिरंजीव उभे होते. ते कांहीं न बोलतां आंत गेले.

तेव्हां तो लाहोरकर मुलगा वड्याचा घांस संपवून म्हणाला, “मग मी घेतों.” नातू म्हणाला, “तूं कसा? तूं त्यांच्या कुळांतला नाहींस.” त्यावर तो मुलगा शांतपणें म्हणाला, कीं पुस्तकांतही असेंच आहे.

रात्रीं झोंप आली नाहीं. चिरंजीवांच्या कपाटांतला मॅलरी काढून आम्ही पहांटेपर्यंत शोधलें. मुलाचें म्हणणें खरें होतें. पेलिनोरास पांच पुत्र: टॉर, अॅग्लोव्हेल, लॅमोरॅक, डॉर्नर, पर्सिव्हल. नामांकित वीर, पर्सिव्हल तर पवित्र चषकाच्या शोधांत कृतार्थ झालेल्या तिघांपैकीं एक. परंतु पांचांतला एकही त्या पशूमागें गेला नाहीं. गेला तो पॅलोमिडीझ, सॅरेसन. ना रक्ताचा, ना धर्माचा. आप्तावांचून कोणास साधणार नाहीं, हें पेलिनोरनें आर्थरास सांगितलें होतें खरें; मॅलरीनें तें वाक्य खोडलें नाहीं, आणि पाळलेंही नाहीं. विंचेस्टरच्या मेजावर पॅलोमिडीझचें नांव आहे. पेलिनोरचें नाहीं.

सकाळीं चहाच्या वेळीं चिरंजीव म्हणाले, “बाबा, मला तें जमलं नसतं.” आम्ही म्हटलें, “ठाऊक आहे.” अकरा वर्षांत ह्या विषयावर झालेलें संभाषण तें इतकेंच.

येथें आमचा एक दोष सांगितला पाहिजे. आमची एक जुनी विद्यार्थिनी आहे. वडील एस. टी.चे वाहक, घरांत संस्कृताचा गंध नाहीं. आठवीपासून तिला ती भाषा लागली ती सुटली नाहीं. एम. ए. होऊन आतां ती एका तालुक्याच्या महाविद्यालयांत संस्कृतच शिकविते. तिनें दोन वेळां विचारलें होतें, “सर, त्या चिठ्ठ्या मी संगणकावर उतरवून काढूं का? उरलेल्या अक्षरांचंही करतां येईल.” दोन्ही वेळां आम्हीं सांगितलें, कीं हें घरचें काम आहे, घरांतच होईल. कोणत्या घरांत, हें तिनें विचारलें नाहीं, हा तिचा विनय. आमच्या कागदावर त्या दिवशीं विनय किती व गर्व किती भरला असता, तें वाचकांनींच मांडावें.

परत आल्यावर आम्हीं तिला पत्र लिहिलें. ती आषाढांतल्या एका रविवारीं भर पावसांत रिक्षा घेऊन आली. माळ्यावरून सतरा पेट्या उतरविल्या. दोन पेट्यांना खालून ओल लागली होती, एकींत कुसर होती, पण अक्षरें शाबूत. सुमारें २२,००० चिठ्ठ्या. तिनें ओटीवर सतरंजी टाकली, हात पुसले आणि ‘अ’ची पेटी उघडली. ‘अच्छोद’ पदाची चिठ्ठी हातीं येतांच ती थांबली. पुढें तीर्थरूपांचें बारीक, उभें अक्षर. उलटून पाहिलें तों मागें कुणाच्या तरी लग्नाच्या निमंत्रणाचा अर्धा मजकूर, वराचें नांव सबंध आणि वधूचें कापलेलें. तिनें चिठ्ठी उजेडाकडे धरली आणि विचारलें, “सर, हें मागचंही टिपून ठेवूं का?”